कोण राहिलं गं, कोण राहिलं

आमचं गाणं कुणी कधी ऐकलेलं नाही. आम्ही स्वतःसुद्धा नाही. असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात, पण ज्यानं गिरणीच्या विणाई खात्यात एकदा पाय ठेवलाय त्याला विचारा. सगळे माग एकदम चालू असले की कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू येत नाही. मग माणूस ओरडणं सोडतो आणि नुसते ओठ हलवतो. समोरचा ओठांवरून समजून घेतो. आम्ही असेच बोलायचो, भांडायचो, चहाड्या करायचो, आणि असंच गायचो.

गाणं जेवणाच्या सुट्टीचं. सुट्टीचा लाल दिवा लागला तरी मागावर ये-जा करणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी भरलेली असेल तिचा धागा संपेपर्यंत माग बंद करायचा नाही, असा नियम होता. त्यामुळे कुणी आधी सुटायचं, कुणी मागाहून. आणि आमच्या मागांच्या रांगेचा आपला एक वेगळा कायदा होता. शेवटचा माग थांबल्याशिवाय कुणी डब्याला हात लावायचा नाही. मग सुटलेले सगळे एका ओळीत उभे राहून विचारायचे, ‘कोण राहिलं गं, कोण राहिलं?’ जो राहिला असेल त्यानं आपली ओळ म्हणायची. कांडीवालीची ओळ होती, ‘मी राहिले, कांडी संपली, दुसरी रुसली’. तेलवाल्याची, ‘मी राहिलो, तेल सांडलं, बायकोनं भांडण मांडलं’. माझी, ‘मी राहिले, धागा तुटला, राग फुटला’. त्यावर सगळ्यांनी म्हणायचं, ‘थांबलो गं, थांबलो’. झालं गाणं. शेजारच्या रांगांची सुट्टी आगेमागे असायची, म्हणून खात्यातला आवाज कधी पडायचाच नाही. बाहेर आल्यावर गाणं कुणाच्या लक्षात राहायचं नाही, पोटात कावळे ओरडत असायचे.

मी जवळजवळ रोज राहायची. माझा हात जड आणि डोकं गरम. आमच्या जाऊबाई, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको, कधीच राहायच्या नाहीत. त्यांचा माग समोरच होता. त्यांच्या मागावर धागासुद्धा शहाण्यासारखा वागायचा. त्या सगळ्यांत आधी सुटायच्या आणि सगळ्यांत जास्त वेळ थांबायच्या, माझ्यासाठी. म्हणून गाण्यात त्यांची ओळच नव्हती. वर मला ऐकवायच्या, ‘तुझ्यापायी माझा डबा रोज गार.’

गिरणी बंद पडली. आधी ती ‘तूर्तास’ बंद होती, मग कुणी तो शब्द वापरेनासं झालं. दुकानं गेली, शाळा गेली, बस दिवसातून एकदा यायला लागली आणि रिकामीच परत जायला लागली. कामगारांच्या घरांची आमची रांग हळूहळू कुलपांची रांग झाली. आम्हा दोघींचे नवरे त्याच रांगेतून खांद्यावर गेले. शेवटी दोन घरांत चूल पेटत होती, माझ्या आणि त्यांच्या. सकाळी दोन खुर्च्या बाहेर काढायच्या, ऊन सरकेल तशा सरकवायच्या, हा आमचा उद्योग. दुपारचं जेवण एकत्र, एक दिवस त्यांच्याकडे, एक दिवस माझ्याकडे.

मागांनी माझा एक कान खाल्ला आणि त्यांचे दोन्ही. पण आम्हाला त्याचं काय? आम्ही जन्मभर ओठांवर बोललेल्या. मी आवाज न काढता बोलायची, त्या बघायच्या. बाहेरच्याला वाटलं असतं, दोन म्हाताऱ्या चघळत बसल्या आहेत.

त्यांच्या मुलाला मात्र काळजी. तो माझा पुतण्या, मोठ्या शहरात राहतो, माणूस वाईट नाही. एकदा जाऊबाईंनी नळ उघडा ठेवला, आवाज आला नाही म्हणून कळलं नाही, आणि घरभर पाणी झालं. पाणी मीच पुसलं. पण ही गोष्ट त्याच्या कानावर गेली आणि त्यानं ठरवलं की आता आईला एकटं ठेवायचं नाही, रविवारी येऊन न्यायचं. एकटं, म्हणे. मग मी कोण होते, कोपऱ्यातली केरसुणी?

मला त्या जायला नको होत्या. हे मी कुणालाही बोलले नाही. आपल्या पोटच्या मुलाकडे निघालेल्या बाईला जाऊ नका म्हणायला तोंड कुठून आणायचं?

त्याच आठवड्यात जॉबरची मुलगी आली. जॉबर म्हणजे आमचे माग दुरुस्त करणारा. तो गेला, पण मुलगी गाणी करते आणि तिला त्यात चार लोक ओळखतात. तिच्या मनात असं होतं की कामधंदा संपून ओस पडलेल्या गावांचं मिळून एक गाणं करायचं. एका गावच्या खाणीतले, एका बंदरातले, एका साखर कारखान्यातले लोक आपापला तुकडा म्हणणार, आणि तिला आमच्या गिरणीचा तुकडा हवा होता. ‘कोण राहिलं’ तिनं बापाच्या ओठांवर पाहिलं होतं. ती म्हणाली, ‘काकू, किती वर्षांआधी तुम्ही हे सगळं ओळखलं होतंत.’ मी म्हटलं, बाई, ते जेवायला निघतानाचं गाणं आहे, आम्हाला डब्यापलीकडचं काही ओळखता आलं असतं तर मी आज इथे बसले असते का? तिनं ते हसण्यावारी नेलं.

शनिवारी तिनं कुणाकुणाला फोन करून, गाडी पाठवून, रांगेतले जेवढे हाती लागले तेवढे जमवले. कांडीवाली काठी टेकत आली. तेलवाल्याला त्याच्या सुनेनं धरून आणलं. आम्ही विणाई खात्यात शिरलो. माग केव्हाच उचलून विकले होते. जमिनीवर त्यांच्या पायांचे बोल्ट तेवढे वर आलेले आणि मधल्या वाटा आमच्याच चपलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. कुणी सांगितलं नाही, पण जो तो आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहिला. जाऊबाई माझ्या समोर.

जॉबरच्या मुलीनं खूण केली आणि आम्ही पहिल्यांदाच आवाज काढून म्हणालो, ‘कोण राहिलं गं, कोण राहिलं.’

काय सांगू. प्रत्येकाची चाल वेगळी. कांडीवालीच्या मनात ती अंगाई होती. तेलवाला ती कवायतीच्या तालावर म्हणत होता. माझी जी ओळ मी इतकी वर्षं गाणं समजत होते ती, मलाच ऐकू आली तेव्हा, निव्वळ तक्रार निघाली. आम्ही जन्मभर एकत्र गायलो होतो आणि कुणी कुणाचं ऐकलंच नव्हतं. आधी सगळे पोट धरून हसलो. मग कांडीवाली म्हणाली की खरी चाल तिचीच. तेलवाला म्हणाला, तुझ्या चालीवर माणूस झोपेल, जेवायला कसा उठेल? हां हां म्हणता जुंपली. गिरणीच्या संपात झालं नाही एवढं भांडण त्या रिकाम्या खात्यात झालं. जॉबरची मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली की चाल तीच बसवेल, आता जसं येतंय तसं एकदा सगळं होऊ द्या.

म्हणून आम्ही पुन्हा म्हटलं, ज्याचं त्याच्या चालीत. कालवा नुसता. आणि मी समोर पाहिलं तर जाऊबाई रडत होत्या. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्या रांगेवरून नजर फिरवत एकेकाच्या ओठांकडे बघत होत्या, आणि ओठ बरोबर होते, सगळ्यांचे, एकाच वेळी.

‘अगदी तसंच आहे गं,’ त्या मला म्हणाल्या. ‘काही बदललं नाही.’

त्यांची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, कोण राहिलं? जॉबरच्या मुलीनं मान हलवून आग्रह केला. जाऊबाई लाजल्या. माझा माग कधी राहिला नाही, मी कशाला खोटं म्हणू, असं म्हणून त्यांनी हात झटकले. त्यांची ओळ रिकामीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पुतण्याची गाडी आली. सामान ते काय, दोन पेट्या आणि एक पिशवी. त्यांच्या घराला कुलूप त्यानं लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. जाऊबाई गाडीत बसून काचेतून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी काय म्हणते ते त्यांना वाचायचं होतं. जाऊ नका, हे माझ्या ओठांवर इतकं आलं होतं की मी तोंडावर पदर धरला. त्यांना वाटलं मला खोकला आला. त्यांनी हातानंच सांगितलं, काढा घे.

त्यानंतर मी खुर्च्या दोन्ही बाहेर काढत राहिले. सवय म्हणा.

जॉबरच्या मुलीनं केलेलं गाणं फोनवर आलं. चांगलं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. खाणवाले होते, बंदरवाले होते, आणि मधे आमची ओळ तिच्या एका गोड, संथ चालीत. ऐकून लोक रडतात असं तिनं कळवलं. मला मात्र त्यात आम्ही सापडलो नाही. मी आवाज बंद करून पाहिलं, म्हटलं ओठ तरी दिसतील, पण तिथे गिरणीच्या फुटक्या खिडक्यांचे फोटो होते.

मग एका दुपारी, मी ताट वाढून घेतलं होतं तेवढ्यात, पुतण्याचा चेहऱ्यासकटचा फोन आला. त्यानं फोन लांब धरला, आणि शेजारी जाऊबाई. केस कुणीतरी नीट विंचरून दिलेले, अंगावर नवा स्वेटर. मागे सोफा, त्याच्यावर सून आणि नाती आपापल्या फोनमध्ये. पुतण्या म्हणाला, आई एकदम मजेत आहे. जाऊबाईही बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, ‘मजेत आहे गं. खोली उजेडाची आहे. सगळे फार करतात माझं.’ त्या ओरडल्या तशी एका नातीनं कपाळाला आठी घातली. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि आवाज बंद केला.

मी ओठ हलवून विचारलं, जेवलात?

त्यांनी आवाज न काढता सांगितलं, ‘इथे कुणी माझ्याकडे तोंड करून बोलत नाही गं.’

‘काकू, आवाज येतोय ना?’ पुतण्या म्हणाला. ‘इकडे येत नाहीये. नेटवर्क गेलं वाटतं.’

मी त्याला मोठ्यानं म्हटलं की मला सगळं येतंय. आणि आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं ते मागितलं. म्हटलं, चार दिवस आईला इकडे आणून सोड. मी बघीन त्यांचं. नळ मी बघीन.

तो समजूतदारपणे हसला. आईकडे वळला आणि तिलाही कळावं म्हणून, इतक्या दिवसांत प्रथमच असेल, तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करून म्हणाला, ‘अगं, पण तिथे आता कोण राहिलं? कोण राहिलं?’

जाऊबाईंनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग हळूच मान फिरवून फोनमध्ये, माझ्याकडे पाहिलं. आवाज नाही, काही नाही. पोराला कळलंसुद्धा नाही.

‘मी राहिले,’ त्या म्हणाल्या.

पुढचं यमक त्यांना सापडलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रांगेनं उत्तर द्यायचं असतं, आणि रांगेत मी एकटी होते. ‘थांबले हो, थांबले,’ मी म्हटलं. पण तोवर फोन नातीच्या हातात गेला होता, तिथे छताचा पंखा दिसत होता, आणि मग तोही गेला. मी पुन्हा लावला, कुणी उचलला नाही.

ताट तसंच समोर होतं. मी त्याच्यावर दुसरं ताट झाकलं आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले. दुसरी खुर्ची उन्हात सरकवली. संध्याकाळ झाली तरी मी जेवले नव्हते.