बसून निवडलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. टेकायची नव्हे, कोणाच्या पाठीत घालायचीही नव्हे. मी मासे धरायची काठी. उंची सात फूट, अंग कार्बनच्या धाग्यांचं, रंग एके काळी हिरवा. माझ्या बोलण्यात थोडं तिखटमीठ सापडेल, पण जिचा जन्म मासे धरणाऱ्यांच्या गप्पा ऐकण्यात गेला तिला तेवढी सूट द्यायला हवी.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. दुर्दैव आडवं आलं ते दुकानाच्या दारात. माल उतरवताना टेम्पोचं दार माझ्या मुठीवर आपटलं आणि मूठ चिरली. दुकानदाराने करवत आणली, चिरलेला वीतभर भाग कापून टाकला, वर रबरी टोपण बसवलं आणि मला कोपऱ्यातल्या पिंपात उभं केलं. इतर काठ्यांची मूठ धरणाऱ्याच्या कोपरापर्यंत पोचायची, माझी मनगट ओलांडलं की संपायची. गिऱ्हाइकं मला उचलायची, हसायची आणि परत ठेवायची. एका सणकी गिऱ्हाइकाने तर माझ्याकडून छताची जळमटं काढून घेतली. अशी दोन वर्षं गेली.

मग एक दिवस एक बाई आल्या. तीस वर्षं बस चालवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. गुडघे बसने खाल्ले, असं त्या म्हणत. खडकावर उभं राहून मासे धरायला डॉक्टरांनी बंदी केली, तेव्हा त्यांनी कयाक घेतली. कयाक म्हणजे एकट्यापुरती चिंचोळी होडी, पाण्याला जवळजवळ टेकून बसायचं आणि वल्हं मारायचं. मासेमारीवाचून बाईंना करमत नव्हतं, पण त्यांची लेक इस्पितळात नर्स होती आणि तिने पाण्यातून काढलेली माणसं पाहिली होती. तिने अट घातली. पहिल्या रविवारी ती काठावर उभी राहून बघणार, आणि आई एकदा जरी उलटली तर होडी त्याच दिवशी विकायची.

बाईंबरोबर त्यांचा धाकटा भाऊ होता. त्याने मासा फक्त ताटात पाहिलेला, सल्ले मात्र समुद्राएवढे. त्याने बाराफुटी काठी उचलून हवेत फिरवली. पंखा थोडक्यात वाचला. दुकानदाराने त्याच्या पारखीचं कौतुक केलं. बाईंनी पिशवीतून लाइफ जॅकेट काढून अंगात चढवलं, एक ठेंगणं स्टूल ओढलं आणि दुकानाच्या मधोमध पाय पसरून बसल्या.

"ताई, लोक बघताहेत," भाऊ पुटपुटला.

"बघू देत. जो तो उभा राहून काठी निवडतो. मी काय होडीत उभी राहणार आहे? तीस वर्षं बसून काम केलंय, बसल्यावर काय कुठे टोचतं ते मला विचार."

होडीचं नाक म्हणून त्यांनी पायांपुढे एक खोकं ठेवलं. बाराफुटी काठीचं टोक दाराबाहेर गेलं आणि रस्त्यावरच्या माणसाची टोपी घेऊन परत आलं. पाचफुटी काठी खोक्यापलीकडे पोचेना. सातफुटी पोचायच्या, पण वळवताना त्यांच्या लांब मुठी दर वेळी जॅकेटात अडकायच्या. शेवटी पिंपात मी एकटी उरले.

"ती नको," दुकानदार ओशाळून म्हणाला. "ती लंगडी आहे."

"मीही," बाई म्हणाल्या आणि मला घेऊन घरी गेल्या.

रविवारी खाडीच्या काठावर लेक हाताची घडी घालून उभी होती. दोन तास काहीच घडलं नाही. मग मासा लागला. केवढा होता म्हणून विचारू नका, मला दाखवायला हात नाहीत. त्याने होडी अशी ओढली की किनाऱ्यावरची झाडं मागे पळू लागली. आणि एकाएकी तो बुडी मारून होडीखालून पलीकडे गेला.

तंगूस, म्हणजे माझी नायलॉनची दोरी, होडीच्या बुडाला घासू लागली. माझी कंबर होडीच्या काठावर टेकली. बाई माझ्यामागोमाग त्या बाजूला झुकल्या, होडी कलली, पाणी आत डोकावलं. लेक बुटांसकट पाण्यात धावली. सोडा मला, बाई, मी मनात म्हटलं. माझ्यापायी होडी नका घालवू.

बाईंनी मला सोडलं नाही. पण त्या मागे सरल्या, बैठकीच्या मध्यावर घट्ट बसल्या, माझं टोक सरळ पाण्यात खुपसलं आणि मला पोटाजवळून फिरवत होडीच्या नाकाला वळसा घातला. माझी तोकडी मूठ जॅकेटासमोरून अलगद सरकली. टोक नाकापासून दोन बोटं पुढून गेलं. मासा समोर आला आणि होडी सरळ झाली.

लेक गुडघाभर पाण्यात उभी होती. "आई, तू जागची उठली कशी नाहीस?"

"अगं, वळणावर ड्रायव्हर उठतो का?"

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही खाडीत जातो आहोत. मध्ये बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा भावाने मला हौसेने नेलं आणि खारट अंगानेच आणून अडगळीत भिंतीला टेकवून ठेवलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आठ महिन्यांत मिठाने माझ्या तंगूस ओवायच्या कड्या खाल्ल्या आणि माझं टोक वाकलं. जे त्या माशाला जमलं नाही ते भिंतीने केलं. बाई चालू लागल्या तेव्हा त्यांनी मला मांडीवर घेऊन एकेक कडी घासली. दोन बदलाव्या लागल्या. वाक तेवढा राहिला.

म्हणून सांगते, मित्रांनो, काठी घ्याल ती जसं बसून वापरणार तसंच बसून घ्या, आणि खाऱ्या पाण्यातून आलात की तिला गोड्या पाण्याने धुऊन आडवी ठेवा. मी आता फार वर्षं टिकणार नाही. पण हल्ली रविवारी आम्ही निघतो तेव्हा काठावर कोणी उभं नसतं. रात्रपाळी करून आलेली लेक घरी गाढ झोपलेली असते. मी धरलेल्या माशांची लांबी मी दर वेळी वेगळी सांगते, पण ही झोप जेवढी आहे तेवढीच सांगते आहे.