आगीबाई

“आगीबाई आगीबाई, चूल सोडून आलीस,
माझ्या गं कपाळावर पाय पसरून बसलीस.”

आई हे भर थंडीत म्हणायची, खिडकी सताड उघडी टाकून. पोरं पांघरुणातून ओरडायची, “आई, खिडकी लाव गं!” आई पदराने मान पुसत म्हणायची, “थांबा रे, पाहुणी जाऊ दे.” कसली पाहुणी नि कसलं काय! पोरं खिदळायची आणि पांघरूण डोक्यावरून ओढायची.

इतक्या वर्षांनी तो आवाज पाववाल्या काकूंच्या कानात सारखा घुमत होता आणि का घुमतोय ते काही उमगत नव्हतं.

काकू आणि काका दोघं मिळून बेकरी चालवत. विटांची जुनी भट्टी, लाकडाचा जाळ. काका पीठ मळायचे, पण पाव आत कधी घालायचे ते काकू ठरवायच्या. त्यांची रीत न्यारीच. भट्टीचं दार उघडायचं, तोंड पुढे करायचं आणि डावा गाल चटकला की म्हणायचं, “घाला.” काका गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, “आमच्याकडे चालतंबोलतं थर्मामीटर आहे.”

तेच थर्मामीटर हल्ली भरकटलं होतं. एकदा दार उघडायच्या आधीच गाल चटकला. काकू म्हणाल्या “घाला”, आणि पाव निघाले पांढरेफटक, आत कच्चे. दुसऱ्या दिवशी गाल पेटला तरी त्या धीर धरून उभ्या राहिल्या. तेव्हा भट्टी खरंच तापली होती. पावांचा कोळसा झाला. तिसऱ्या दिवशी काकूंना कशाचाच भरवसा वाटेना. तोंडातून निघून गेलं, “भट्टी खोटं बोलायला लागलीय.”

काकांचा स्वतःपेक्षा बायकोच्या गालावर विश्वास. त्यांनी विटा ठोकून पाहिल्या, भेगा लिंपल्या, धुराडं झाडलं. शेवटी म्हणाले, “पाडू या. विजेची आणू, उष्णता दाखवणारा काटा असलेली.” मिस्त्री आज संध्याकाळी यायचा होता. काटा आला की मग आपण कशाला? हा प्रश्न काकूंच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता.

नणंदेने मात्र वहिनीची भिजलेली मान बरोब्बर हेरली होती. “चल माझ्याबरोबर सुईवाल्या बाईंकडे. चिनी पद्धतीने सुया टोचतात. मला आता झोप लागते बघ. सुयांनी लागते की तासभर कुणी हाक मारत नाही म्हणून लागते, देव जाणे!”

“यांना काय सांगू?”

“गुडघा दुखतो म्हण. गुडघ्याला कुणी काही विचारत नाही.”

सुईवाल्या बाईंची खोली गार होती. पांढरी चादर, कोपऱ्यात संथ फिरणारा पंखा. बाईंनी आधी जीभ पाहिली. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून दाराशी कुणी आलंय का ते ऐकावं, तशी नाडी ऐकत राहिल्या.

“आमच्या शास्त्रात गार, ओलं ते यिन. ऊन, धावतं ते यांग,” बाई म्हणाल्या. “या वयात ओल आटते असं आम्ही मानतो. मग आहे तेवढं ऊनही जास्त भासतं.”

“म्हणजे आग वाढलेली नाही, पाणी कमी झालंय?”

“असं म्हणा हवं तर.”

काकूंचा आणखीच गोंधळ उडाला. आग तीच आणि तरी भाजतं, हा कुठला न्याय?

“याने गुण येईलच ना?”

“कुणाला येतो, कुणाला नाही. काढ्याच्या पुड्या आज देत नाही. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून या. पाळीचंही त्यांच्याशी बोला.” बाईंनी काकूंना चादरीवर आडवं करून मनगटात, पायाच्या घोट्याजवळ बारीक सुया टोचल्या. मुंगी चावावी तेवढंच. “आता सांगा, गरमी सुरू कुठून होते?”

“भट्टीकडून,” काकू पटकन म्हणाल्या. “दिवसभर तिच्यासमोर असते ना.”

पंखा फिरत राहिला.

आणि ती आली. छातीतून निघाली, मानेवर चढली, डावा गाल चट्कन पेटला. कपाळावर घाम फुटला. वारा घ्यावा तर हातांत सुया. काकूंचे ओठ सवयीने हलले, “घाला.”

“काय घालू?” बाईंनी विचारलं.

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. चादर, पंखा, भिंत. जाळ कुठे नव्हता, भट्टीचं दार कुठे नव्हतं. गाल मात्र भट्टीपुढे उभं राहिल्यासारखा चटकत होता. ‘थांबा रे, पाहुणी जाऊ दे,’ आई कानात म्हणाली, आणि काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांत गेलं. पुसायलाही हात मोकळा नव्हता. बाईंनीच रुमालाने टिपलं.

बाहेर आल्यावर नणंदेने विचारलं, “बरं वाटलं का गं?”

“कळत नाही,” काकू म्हणाल्या. “अंग हलकं झालंय आणि डोकं जड. मिस्त्री किती वाजता येणार म्हणाला होता?”

त्या बेकरीत पोचल्या तेव्हा मिस्त्री ओट्यावर बसून पहार पुसत होता. काकांनी जाळ ओढून बाहेर काढायला लोखंडी आकडा हातात घेतला होता. बायकोला पाहताच म्हणाले, “आलीस? गुडघा कसा आहे? बस आधी. सांभाळून बस.”

त्या मायेनेच काकूंचा बांध फुटला.

“अहो, तो आकडा ठेवा खाली.”

“का गं?”

“भट्टी खोटं बोलत नाहीये. खोटं मी बोलले. गुडघाही दुखत नाही माझा.” मिस्त्रीने पहार हळूच भिंतीला टेकवली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. काकूंना वाटलं थांबावं, पण शब्द थांबेनात. “पाळी जायला लागलीय माझी. अंगातून अशी आग उठते, की तिची कुठली नि माझी कुठली, मला खरंच कळत नाही. सांगितलं नाही, कारण थर्मामीटर बिघडलं की फेकूनच देतात ना? भट्टी पाडू नका. तोंड मी पुढे करते, पण यापुढे हात तुम्हीही घाला. दोघांनाही चटका बसला, तरच म्हणायचं, घाला.”