निशातगंजच्या पुलावर उतरलेली चेन

“आधी उजवा पाय मधून पलीकडे काढा. मग बसा. मग पेडल. घाई कशाला करताय?” मंजिरी म्हणाली.

“मला सायकल चालवता येते,” उल्हासराव म्हणाले.

“येते हो. पण ही नाही येत. ही मी बावीस वर्षं चालवलीय, साडी नेसून.”

इंदिरा नगरमधल्या घराच्या फाटकात, रविवारी सकाळी सव्वासहाला, निमकरांचा हा सोहळा चालला होता. उल्हासरावांची स्वतःची काळी, उंच दांडीची सायकल जिन्याखाली धूळ खात उभी होती आणि त्यांच्या हातात होती बायकोची जुनी निळी लेडीज सायकल. पुढे टोपली. टोपलीला प्लास्टिकची पांढरी फुलं. ती मंजिरीनेच कधीतरी तारेने घट्ट बांधली होती आणि आता पक्कड शोधायला वेळ नव्हता. हे कमी म्हणून की काय, मुलगी शर्वरी मोबाइलवर शूटिंग करत होती.

“शर्वरी, बंद कर ते. बाप लेडीज सायकलवर चाललाय, हे साऱ्या खानदानाला दाखवायची गरज नाही.”

“बाबा, लेडीज़ नहीं, स्टेप-थ्रू बोलते हैं अब,” शर्वरी म्हणाली. लखनौत जन्मलेली ही मुलगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर मात्र हिंदीत द्यायची. “यूरोप में तो सब मर्द यही चलाते हैं.”

“मग मला युरोपात सोडून ये. इथे मुन्शीपुलियाला माणसं ओळखतात मला.”

गेले नऊ महिने हे असंच चाललं होतं. कसं उठावं, कसं बसावं, संडासात कुठे धरावं, जिना चढताना कुठला पाय आधी, हे त्यांना घरादाराने शिकवलं होतं. हाड मोडल्याने माणूस जितका बेजार होत नाही तितका शिकवणाऱ्यांनी होतो, असं त्यांचं आता ठाम मत झालं होतं.

आणि पडले तेही कसे? ट्रकने उडवलं असतं तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. फेब्रुवारीत भूतनाथच्या बाजारातून परत आले, फाटकाशी सायकल थांबवली, आणि उतरताना मागे वळवलेला उजवा पाय कॅरिअरला बांधलेल्या पिशवीत अडकला. पिशवीत फ्लॉवरचे दोन गड्डे होते. उभ्या सायकलवरून उल्हासराव आडवे झाले आणि खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, “कैसे हुआ?” आणि पलंगावरून त्यांना सांगावं लागायचं, “गोभी.” फ्लॉवर आणायला मंजिरीने सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिने घरात फ्लॉवर आणला नव्हता. आता नोव्हेंबर लागला, गाडीगाडीवर पांढरेशुभ्र गड्डे रचलेले दिसत होते, पण ती त्यांच्याकडे न बघता पुढे जायची.

चालण्याचा व्यायाम हा तर वेगळाच छळ होता. डॉक्टरांनी संध्याकाळी अर्धा तास चाला म्हणून सांगितलं, तर ही बया बरोबर निघायची आणि दर पन्नास पावलांवर थांबायची. “थांबा हो जरा, माझा गुडघा दुखतोय.” ज्याचं हाड मोडलं तो चालतोय आणि जिचं काहीच मोडलं नाही ती ओट्यांवर टेकतेय! उल्हासराव चडफडत तिच्याशेजारी बसायचे.

पण आज डॉक्टरांची परवानगी होती. सपाट रस्ता, सावकाश, दमलात तर थांबायचं. पँटच्या उजव्या खिशात पितळी शिट्टी होती. ती त्यांनी घरात कुणाला दाखवली नव्हती.

त्या शिट्टीसाठीच ते चालले होते.

उल्हासराव मूळचे मिरजेचे. रेल्वेत लागले, लखनौला बदली झाली आणि इथेच राहिले. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या कचेरीत गार्ड लोकांच्या रजेच्या आणि पेन्शनच्या फायली हलवल्या. गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून हिरवं निशाण दाखवण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. कारकुनाला कोण देणार? मग एके रविवारी रिज़वी साहेबांच्या इतवारी सायकल मंडळीत ते सामील झाले. शर्यत नाही, घाम नाही. इंदिरा नगरपासून छावणीतल्या सदर बाजारापर्यंत गप्पा मारत जायचं, बन-मक्खन आणि चहा घ्यायचा, परत यायचं. पहिल्याच महिन्यात दोन म्हाताऱ्या मागे राहून हरवल्या, तेव्हा उल्हासरावांनी सुचवलं की सगळ्यांत मागे एक माणूस नेमा. हिरवं जाकीट, हातात पंप, गळ्यात शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, दोन आखूड म्हणजे निघायचं. मागून शिट्टी आल्याशिवाय पुढच्याने हलायचं नाही. मंडळीने तिथल्या तिथे त्यांनाच ‘गार्ड साहब’ करून टाकलं. विष्णू पाठक नावाच्या खऱ्या गार्डने, त्याची अडलेली पेन्शन सोडवली म्हणून, उल्हासरावांच्या निवृत्तीच्या दिवशी आपली पितळी शिट्टी त्यांना देऊन टाकली होती. ती मग अकरा वर्षं वाजली.

गार्डचं एक तंत्र असतं आणि ते त्यांनी एकट्यानेच शोधून काढलं होतं. मागे पडलेल्याला “दमलात का?” असं कधी विचारायचं नाही. माणूस ओशाळतो, चिडतो, नाहीतर पुढच्या रविवारी येतच नाही. आपणच उतरायचं आणि म्हणायचं, “रुकिए ज़रा, मेरी चेन उतर गई.” मग खाली वाकून चांगल्या चेनशी दोन-तीन मिनिटं खटपट करायची. तेवढ्यात दमलेल्याला दम खाता येतो. अकरा वर्षांत ही युक्ती कुणाच्या लक्षात आली नव्हती, याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

मुन्शीपुलियाला मेट्रोच्या खांबाखाली चौदा सायकली जमल्या होत्या. टाळ्या वाजल्या. रिज़वी साहेबांनी छातीशी धरलं.

“निमकर साहब, आज आप हमारे मेहमान हैं. बीच में चलिएगा, आराम से.”

मेहमान! उल्हासरावांच्या मस्तकात तिडीक गेली. आणि समोर ते हिरवं जाकीट, ज्याची चेन त्यांनी स्वतः दोनदा बदलून आणली होती, ते उत्कर्षाच्या अंगात होतं. उत्कर्षा श्रीवास्तव शाळेत भूगोल शिकवायची. वय फार तर अडतीस. गळ्यात नारिंगी प्लास्टिकची शिट्टी, वाढदिवसाला मुलांना वाटतात तसली.

“नमस्ते अंकल. आंटीजी की साइकिल बड़ी प्यारी है.”

“हाँ,” उल्हासराव म्हणाले. ‘जाकीट इधर दीजिए’ हे वाक्य त्यांनी रात्रभर घोकलं होतं, पण ते आत्ता नको. पुलापलीकडे मागू, त्यांनी ठरवलं. आधी दाखवून देऊ, मग मागू.

निघाल्यावर पहिली पंधरा मिनिटं सुखाची गेली. बादशाहनगरपर्यंत रस्ता मोकळा होता आणि हवा गार. पाय फिरत होता. मंजिरीची सायकल कुरकुरत होती, पण चालत होती. मध्ये असलेले उल्हासराव हळूहळू मागे सरकले, एक जण पुढे गेला, मग दुसरा, मग त्या दोन म्हाताऱ्या, ज्या एकेकाळी हरवल्या होत्या, त्याही “नमस्ते भाई साहब” म्हणत पुढे गेल्या. निशातगंजचा पूल आला तेव्हा त्यांच्या मागे फक्त हिरवं जाकीट उरलं होतं.

“आप आगे निकलिए,” ते मान न वळवता ओरडले.

“जी अंकल, आप चलिए.”

“मैं कह रहा हूँ, आगे निकलिए! मेरे पीछे क्या रखा है?”

ती पुढे गेली नाही. गार्डने पुढे जायचं नसतं, हा नियम त्यांनीच केला होता आणि आता तोच त्यांच्या मानगुटीवर बसला होता. चढणीवर खुब्यात कळ आली. आधी बारीक, मग चांगलीच सणसणीत. डॉक्टर सपाट रस्ता म्हणाले होते, पूल म्हणाले नव्हते. मागून टेम्पोवाले हॉर्न वाजवत होते. कळ मांडीतून खाली उतरली तसे ते फूटपाथला टेकले, डावा पाय कडेवर ठेवला आणि खिसे चाचपू लागले, जणू फोन आला आहे.

मागे पीं करून नारिंगी शिट्टी वाजली, एक लांब. पुढे कुणाला ऐकूही गेली नाही. मंडळी पुलाच्या माथ्याकडे गप्पा मारत चालली होती.

मग उत्कर्षा उतरली आणि म्हणाली, “अंकल, ज़रा रुकिएगा. मेरी चेन उतर गई.”

उल्हासरावांनी वळून पाहिलं. चेन जागच्या जागी होती. तेल घातलेली, नीट ताणलेली, कुठेही न उतरलेली चेन.

नऊ महिन्यांचा सगळा वैताग एकदम उसळून वर आला. घरचे शिकवतात, डॉक्टर शिकवतात, आणि आता ही पोरगी!

“चेन?” ते ओरडले. “मुझे चेन का बहाना सुनाती हो? ये बहाना मैंने बनाया है! ग्यारह साल चलाया है! कोई पकड़ नहीं पाया!”

उत्कर्षा चेनशेजारी उकिडवी बसली होती. ती तशीच वर बघून म्हणाली, “अंकल, चार साल पहले मैं नई-नई आई थी. ऑपरेशन के बाद. आपकी चेन इसी पुल पर तीन बार उतरी थी.”

“मग?” घाईत मराठी निघून गेली.

“मैंने उसी दिन देख लिया था. सबको मालूम है, अंकल. रिज़वी सर तो कहते हैं, निमकर साहब की चेन शहर की सबसे शरीफ़ चेन है.”

अकरा वर्षं! म्हणजे अकरा वर्षं उल्हासराव चांगल्या चेनपाशी वाकून खोटी खुडबुड करत होते, आणि दम खात उभी असलेली सगळी माणसं, त्या म्हाताऱ्यासुद्धा, काहीच न कळल्यासारखं दाखवून आभाळाकडे बघत होती. कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्यांना आधी संताप आला, मग लाज वाटली. आणि त्या लाजेतच एक गोष्ट डोक्यात लख्ख उजळली.

मंजिरीचा गुडघा.

दर पन्नास पावलांवर दुखणारा, घरात स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढताना मात्र कधीच न दुखणारा गुडघा. तीन महिने ती ओट्यावर टेकत होती आणि तीन महिने हे तिच्यावर खेकसत होते. “कसली गं तुझी ही नाटकं,” असंही एकदा म्हणाले होते. ती “असू दे हो” म्हणून पदराने वारा घेत बसली होती.

त्यांचे डोळे भरून आले. टेम्पोचा धूर होताच, तेव्हा चष्मा काढून पुसायला कारण मिळालं.

उत्कर्षा चेनला हात लावत राहिली. तीन बोटं काळी झाली होती. काम चोख करत होती, हे कबूल करणं भाग होतं.

“अशी नाही,” ते म्हणाले, मग हिंदीवर आले. “ऐसे नहीं. थोड़ी गाली भी दो चेन को. तब सच्चा लगता है.”

ती हसली. ते हसले नाहीत. त्यांचा हात खिशात गेला होता. शिट्टी अंगाच्या उबेने कोमट झाली होती. आत्ता ओठाला लावली असती तर एका फुंकरीत सगळी मंडळी थांबली असती, माना वळल्या असत्या, गार्ड साहब परत आले असं सगळ्यांना कळलं असतं. फक्त ओठाला लावायची होती. पण हा पाय मागे राहणाऱ्यासाठी उतरून पुन्हा चढू शकणार नव्हता. हे त्यांना पुलाच्या आधीपासून माहीत होतं, बादशाहनगरपासून, खरं तर फाटकापासूनच.

“ये लो,” त्यांनी शिट्टी पुढे केली. “तुम्हारी वाली खिलौना है. आगे तक आवाज़ ही नहीं जाती.”

“अंकल, ये तो आपकी है.”

“गार्ड की है. जो पीछे चलेगा, उसकी. पकड़ो, और ज़ोर से बजाओ, नहीं तो वो लोग छावनी पहुँच जाएँगे.”

उत्कर्षाने ओढणीने शिट्टी पुसली आणि एक लांब फुंकर मारली. पुलाच्या माथ्यावर तेरा सायकली जागच्या जागी थांबल्या. रिज़वी साहेब वळून बघू लागले. ती शिट्टी त्यांनाही ओळखू आली असणार.

दोघं तिथेच कठड्याला टेकून दोन-तीन मिनिटं उभी राहिली. खाली गोमतीवर धुकं होतं. खुब्यातली कळ ओसरली.

“लौटते में भूतनाथ पर रुकना पड़ेगा,” उल्हासराव म्हणाले. “गोभी लेनी है. टोपली आहेच पुढे.”

मग त्यांनी मंजिरीने सांगितलं होतं तसा, आधी उजवा पाय मधून पलीकडे काढला, मग बसले, आणि डावा पाय फूटपाथच्या कडेवर ठेवून वाट बघू लागले.

मागून दोन आखूड शिट्ट्या आल्या. अकरा वर्षं त्यांनी ती शिट्टी वाजवली होती, पण पाठीमागून ती कशी ऐकू येते हे त्यांना आजच कळत होतं.

“दुसरी जरा लांबली,” ते पुटपुटले. “शिकवावं लागेल.” आणि त्यांनी पेडल मारलं.