उपाशीपोटी दिलेली चाचणी

मित्रांनो, मी चावीवर चालणारं एक जुनं स्टॉपवॉच आहे. आकडे मला जन्मापासून येतात. अक्षरं मात्र म्हातारपणी, टेबलावरचे कागद पाहून शिकलो.

तरुणपणी मी दिघोरीच्या शाळेत होतो. शर्यतीच्या वेळी गुरुजी मला उंच धरत आणि सारं मैदान माझ्याकडे पाही. मग मोबाइल आले आणि मी कपाटात पडलो. गुरुजींच्या कन्या दामिनीताई मानसशास्त्र शिकल्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांनी मला सोबत नेलं, कारण चाचणीत मोबाइल वाजला की रुग्ण दचकतात.

तिथे आंबागडचा कवडू आला. त्याला स्किझोफ्रेनिया होता. कोणी नसताना आवाज ऐकू येत. औषधांनी ते थांबले होते. तुमसरच्या राइस मिलमध्ये चाळणीवरचं जुनं काम परत मिळणार होतं, पण मालकांना दवाखान्याचा दाखला हवा होता: याचं लक्ष टिकतं का?

कागदावर विखुरलेले अंक पेन्सिलीनं क्रमानं जोडायचे होते. कवडू मधेच थांबे, पुढचा अंक शोधत राही. मी चार मिनिटं मोजली, नेहमीच्या दुप्पट. 'लक्ष फार कमी' असं लिहायला ताईंनी पेन उचललं. मला वाटलं, गेलं याचं काम.

तेवढ्यात त्याची बहीण शकुनबाई डबा घेऊन डोकावली. "झालं का मॅडम? आता तरी याले जेवू देऊ?"

"म्हणजे? हा जेवला नाही?"

"कालपासून नुसतं पाणी पिऊन राहिला. तपासणी उपाशीपोटीच असते ना? रक्ताच्या वेळी तसंच सांगतलं होतं."

"आणि गोळी?"

"ते घेतली न, पहाटेच."

कवडू म्हणाला, "मले चहाचा वास बी घेऊ देल्ला नाही हिनं."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "चूक माझी. मी आधी विचारायला हवं होतं."

सेकंद मी बरोबर मोजले होते, मित्रांनो. पण मी मोजत होतो ती भूक होती, हे मला कुठे ठाऊक!

आठवड्यानं कवडू जेवून, झोपून आला. तेच अंक सवयीनं जमतील, म्हणून ताईंनी दुसरा कागद काढला. त्या माझं बटण दाबणार, तोच तो म्हणाला, "थांबा मॅडम. याले चावी देल्ली का? नाही तं हा बी उपाशी असन."

ताई खळखळून हसल्या आणि त्यांनी मला चावी दिली.

या वेळी दोनच मिनिटं लागली. मग ताईंनी काही शब्द ऐकवून परत म्हणायला सांगितले; ते मात्र निसटत होते. ताईंनी तेही लपवलं नाही. त्यांनी लिहिलं, 'लक्ष टिकतं. नवं काम तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखवावं.' सोमवारी कवडू चाळणीवर उभा राहिला.

मित्रांनो, माणसाला जरूर मोजा. फक्त माझं बटण दाबण्याआधी विचारा: जेवलास का? झोप झाली का? आणि हो, मलाही चावी द्या.