चौदा नंबरचं कापड

कुवाबारा नोरिकोबाईंच्या पिशवीत त्या सकाळी पांढऱ्या कापडाचे चौदा तुकडे होते. जर्सीच्या पाठीवर शिवायचे, इस्त्री करून घडी घातलेले, प्रत्येकावर काळा ठसठशीत आकडा. त्यातले तेरा कोणाला द्यायचे ते ठरलं होतं. चौदाव्याने मात्र बाईंची झोप उडवली होती.

जपानच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींचा क्रिकेट संघ आज जाहीर व्हायचा होता, सानो गावातल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या मातीच्या मैदानावर. बाई सहा वर्षं हे काम करत होत्या. पोरींना खेळ शिकवणं सोपं. ‘तू नाहीस’ हे सांगणं महाकठीण. दर वेळी वाटायचं, आता सवय होईल. कसली सवय नि कसलं काय! आठवडाभर शाळेत व्यायामाचे तास, शनिवारी पहाटे उठून दोन तास गाडी हाकायची, आणि मार्च उजाडला तरी डोंगरावरून येणारा तो कोरडा, कान कापणारा वारा. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. तोही कोमट.

“चेहरा बघा तुमचा,” ओमोरी आजोबा म्हणाले. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते इथे फुकटात अंपायर व्हायचे आणि फुकटातच सल्ले द्यायचे. “जसं काही तुमचीच निवड आहे.”

“माझी झाली नसती तर सुटले असते, ओमोरीसान.”

चौदाव्या जागेसाठी दोघी होत्या. एक सावा. शांत, चोख, सांगितलेलं एकदाच ऐकणारी. तिचा खेळ बघताना जांभई यायची, पण चूक सापडायची नाही. दुसरी सोळा वर्षांची चिगुसा. शाळेत तीन वर्षं सॉफ्टबॉल खेळून आलेली. तिचा फटका बसला की चेंडू कुंपणापलीकडच्या मुळ्याच्या शेतात जायचा आणि शेतकरीण बाई तो फणकाऱ्याने परत फेकायची.

फक्त एक गोची होती. फटका मारला की चिगुसा बॅट फेकून पळायची.

सॉफ्टबॉलमध्ये ते बरोबरच. तिथे बॅट घेऊन पळणाऱ्याला सगळे हसतील. पण इथे बॅट म्हणजे लांब झालेला हात. ती जमिनीला घासत रेघेपलीकडे नेली की तुम्ही आत. जानेवारीच्या शिबिरात चिगुसा तीनदा अशी बाद झाली, तिन्ही वेळा रिकाम्या हाताने. तेव्हा बाईंनी घरच्या एप्रनची नाडी काढली आणि बॅट तिच्या मनगटाला बांधून टाकली. “मी सांगेपर्यंत सोडायची नाही.”

दोन महिने पोरगी बॅट घेऊन आगगाडीत बसली, बॅट घेऊन नूडल्स जेवली. बाकीच्या पोरी तिला शेळी म्हणायला लागल्या. “अगं, शेळीला चारा घातला का कुणी?” की सगळ्या खिदळायच्या. चिगुसाही “बेंऽ” करून हसायची.

आज आपसातलाच सामना होता. शेवटचा चेंडू उरला होता, जिंकायला दोन धावा हव्या होत्या आणि समोर चिगुसा. ठरवून केलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

तिने चेंडू जमिनीलगत मारला. पहिली धाव झाली. वळताना बॅट रेघेपलीकडे टेकवली, अगदी शिकवल्यासारखी. बाईंनी श्वास सोडला. दुसरी धाव सुरू झाली आणि तिकडून सावाने चेंडू उचलून फेकला, सरळ आणि वेगाने. अर्ध्या वाटेवर चिगुसाच्या हातातून बॅट उडाली.

“बॅट!” बाई ओरडल्या.

पण चिगुसा तोवर हवेत होती. पोटावर घसरत, धुरळा उडवत तिने हात पुढे टाकला, तोच स्टंप उडाले. ओमोरी आजोबा गुडघे धरून वाकले, धुरळा बसेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “आत आहे! चार बोटं आत.”

नुसता कल्ला झाला! पोरी तिच्यावर जाऊन पडल्या. बाई सावकाश चालत गेल्या. हनुवटी खरचटलेली, दातांत माती, आणि मनगटावर नाडी नाही.

“नाडी कुठाय?”

“सकाळी सोडली, सेन्सेई. निवडीच्या दिवशी तरी शेळी दिसायला नको, असं वाटलं.”

“आणि बॅट? निसटली?”

‘निसटली’ म्हणाली असती तर कोणाला कळलं असतं? चिगुसाने हनुवटीवरची माती पुसली.

“नाही. फेकली. हात मोकळा झाला की लवकर पोचेन, असं वाटलं.” मग हळूच, “पण आत होते ना मी?”

“होतीस. बॅट असती तर हातभर आत असतीस.”

दुपारी सगळ्या टोप्या काढून रांगेत उभ्या राहिल्या. बाई आकडा आणि नाव वाचायच्या, पोरगी “हो!” असं ओरडून पुढे यायची, दोन्ही हातांनी कापड घ्यायची, वाकायची. तेरा झाले. चौदावं कापड हातात घेऊन बाई जरा थांबल्या. हातभराच्या जागी चार बोटं. स्पर्धेत दोन बोटं कमी पडली तर?

“चौदा. हिरामात्सु सावा.”

सावाने आधी चिगुसाकडे पाहिलं आणि मग “हो” म्हटलं. सगळ्यांत जोरात टाळ्या चिगुसाने वाजवल्या. राहिलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी रीतच होती. पण इतक्या जोरात? बाईंनी पिशवीची चेन उगाचच दोनदा लावली.

जाण्याआधी मैदान सारखं करायचं असतं. पोरी लाकडी दाताळी घेऊन पांगल्या. बाई बाकावर बसल्या. पाय दुखत होते, आणि परतीचे दोन तास अजून बाकी होते.

“योग्य केलंत,” ओमोरी आजोबा म्हणाले.

“माहितीये. म्हणूनच दमायला होतं.”

चिगुसा खेळपट्टीजवळ होती. उजव्या हातात दाताळं. डाव्या मनगटाला नाडी पुन्हा बांधलेली, तिची तिनेच, दातांनी गाठ मारून. त्या हातातली बॅट तिच्या मागून मातीत घासत येत होती आणि नुकत्याच सारख्या केलेल्या मैदानावर लांबलचक ओरखडा उमटत होता. तिचे खांदे हलत होते, पण रडण्याचा आवाज वाऱ्यात ऐकू येत नव्हता.

‘अगं, ते सगळं परत करावं लागेल,’ असं सांगायला हवं होतं. बाईंच्याने उठवेना. त्या नुसत्या बघत राहिल्या. चिगुसा मान खाली घालून चुन्याच्या रेघेपाशी आली, रेघ ओलांडून गेली. बॅट तिच्यामागून, जमीन न सोडता, सरपटत पलीकडे गेली.

“आत,” बाई पुटपुटल्या.