सकाळचा स्लॉट

आमच्या धंद्यात एक अलिखित शहाणपण आहे: जे हवंय ते मागायचं नाही. गजबजलेल्या विमानतळावर विमान उतरायची आणि परत उडायची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, सोन्याच्या मोलाची. तुम्हाला ती हवीय असा समोरच्याला नुसता वास लागला, की तो भाव खायला लागतो. म्हणून दर हंगामाआधी सगळ्या कंपन्यांची माणसं एका मोठ्या सभागृहात छोट्या छोट्या टेबलांशी बसतात, स्लॉटची अदलाबदल करतात आणि मनातलं सोडून बाकी सगळं बोलतात.

मी एका चिमुकल्या कंपनीची. आमचं विमान अशाच एका मोठ्या शहरात दुपारी उतरतं. आमच्याकडची माणसं डॉक्टरला दाखवायला, मुलाखतीला निघतात. ती दुपारी पोचून करणार काय? विमान ओस पडायला लागलं. "सकाळचा स्लॉट आण, नाहीतर ही फेरी बंद," असं साहेबांनी मला निघतानाच बजावलं होतं. त्या फेरीवर आमच्या निम्म्या लोकांचं पोट होतं, त्यात माझंही. मला रात्रभर झोप नव्हती.

समोर एका बलाढ्य कंपनीच्या बाई बसल्या होत्या, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. टेबलाशी आम्ही एकमेकींना 'मॅडम' म्हणतो आणि चहाच्या रांगेत भांडतो.

"बोला मॅडम, काय हवंय?"

"संध्याकाळचा मिळाला तर बघू," मी बेफिकीर चेहऱ्याने म्हणाले. संध्याकाळचा कुणी सोडत नाही. ती नाही म्हणेल, मग मी तोंड पाडून 'बरं, सकाळचा तर सकाळचा' म्हणेन, असा माझा डाव होता.

ती उठली. कोपऱ्यात जाऊन फोनवर बराच वेळ कुणाशी तरी हुज्जत घातली आणि घाम पुसत परत आली.

"घे बाई. तुमचा दुपारचा आम्हाला, आमचा संध्याकाळचा तुला. साहेबांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं मी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शहाणपण गेलं चुलीत!

"ताई, मला सकाळचा हवा होता गं!"

शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

"सकाळचा? अगं, तो आमच्या गळ्यात पडलाय! वापरला नाही तर काढून घेतात, म्हणून रोज जवळजवळ रिकामं विमान आणतोय आम्ही. आमचा वैमानिक प्रवाशांच्या घरची ख्यालीखुशाली विचारतो, एवढेच असतात ते. आपण होऊन देऊ केला, तर लोकांना वाटतं त्यात काहीतरी खोट आहे. आणि मागायला कुणी येतच नाही!"

तिने तिथेच तिचा संध्याकाळचा परत घेतला आणि सकाळचा माझ्या नावावर केला.

"लहानपणापासून अशीच तू," ती म्हणाली. "पोटात कावळे ओरडत असले तरी 'नको, भूक नाही' म्हणायचीस. मग मलाच वाढून आणावं लागायचं."

मला हसू आलं, पाठोपाठ रडूही आलं. फेरी वाचली होती, आणि माझी ताई इतकी वर्षं माझ्यासमोर बसूनही मी तिच्याशी डाव खेळत होते.

"आता तरी तोंड उघडून मागत जा," तिने डोळे पुसायला रुमाल दिला.

मी लगेच तोंड उघडलं.

"मग तो संध्याकाळचाही राहू दे ना माझ्याकडे. सकाळी आलेल्या माणसांना घरी नको का जायला?"

ताईने आपला रुमाल काढून घेतला.

"मॅडम," ती म्हणाली, "पुढचं टेबल."