बिरमतीकडे ओलीस राहिलेला ट्रायपॉड

मला तीन पाय आहेत आणि त्यातला एकही माझ्या मर्जीने चालत नाही. डोक्यावर कॅमेरा घ्यायचा आणि जराही न हलता उभं राहायचं, एवढंच माझं काम. तरी माझ्याइतका संशय फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. दिल्लीत गळ्यात कॅमेरा घालून हिंडणाऱ्याला कुणी फारसं अडवत नाही. मी पिशवीतून डोकं काढलं, की शिट्टी वाजलीच. "ओ मॅडम, स्टँड अंदर! परमिशन है?"

मी ट्रायपॉड. ॲल्युमिनियमच्या नळ्या, काळा रंग आणि पायांत रबरी बूट, असा एका कारखान्यात जन्मलो. माझा पहिला मालक नीरज. जळगावहून करोलबागेत यूपीएससीची तयारी करायला आलेला. माझ्यावर मोबाईल लावून तो स्वतःचीच मुलाखत घ्यायचा. प्रश्न त्याचा, उत्तरही त्याचंच. मग चित्रफीत बघून पुटपुटायचा, "खरं बोलतोय असं वाटत नाहीये यार." शेवटच्या प्रयत्नानंतर तो गावी परतला. जाताना मला आर. के. पुरमला, आत्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये टेकवून गेला. "आत्या, नंतर नेतो हं," म्हणाला. तो काही आला नाही. तेव्हापासून माणसांच्या 'नंतर'वर माझा भरवसा उरला नाही.

नीरजची आत्या म्हणजे सुमित्राताई. केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. त्यांच्या गॅलरीत माझ्या अंगावर बरेच दिवस ओढण्या वाळत होत्या. मग पन्नाशी उलटल्यावर ताईंनी कॅमेरा घेतला, रविवारी सकाळी निसर्गाचे फोटो काढायला जाणाऱ्या एका ग्रुपमध्ये नाव घातलं आणि मला पुसून घरात आणलं. मला वाटलं, चार दिवसांची हौस असेल.

पण ताईंची तयारी बघण्यासारखी होती. ग्रुप अरावलीतल्या एका तळ्यावर जाणार होता. दगडाची जुनी खाण पाण्याने भरून झालेलं तळं, पलीकडे टेकडी आणि काठाच्या उंचवट्यावर छोटं गाव. सूर्य टेकडीच्या कुठल्या खांद्यावरून वर येईल, ते ताईंनी मोबाईलवर बघून ठेवलं. बॅटऱ्या चार्ज केल्या, लेन्स पुसल्या, माझे स्क्रू आवळले. तरी समाधान होईना.

"क्षिप्रा, आपण आधी एकदा जाऊन जागा बघून येऊ," त्या मुलीला म्हणाल्या. "त्या दिवशी तांबडं फुटायच्या आत उभं राहायला हवं."

"तांबडं फुटणं म्हणजे? काय फुटतं?" दिल्लीत वाढलेली क्षिप्रा.

"अगं, पूर्व लाल होते ते."

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं गेलो. उंचवट्यावरच्या सपाट खडकावर ताईंनी मला उभं केलं, पुढे सरकवलं, मागे घेतलं. एकदाची जागा मनासारखी मिळाली. पहाटेच्या अंधारात ती पुन्हा सापडावी म्हणून त्यांनी माझ्या प्रत्येक पायाखाली खडूने ठळक फुली मारली.

गवताचा भारा घेतलेली एक बाई लांबून बघत होती. तिने भारा खाली टाकला आणि गावाकडे तोंड करून हाक दिली. बघता बघता आमच्याभोवती माणसं जमली.

"कौन से महकमे से आए हो?" एका उंच माणसाने आमचं खातं विचारलं. त्याचं नाव जगबीर, हे नंतर कळलं.

"हम तो फोटो खींचने आए हैं, भैया," क्षिप्रा म्हणाली.

"फोटो खींचने वाले निशान लगाते हैं?"

भारा टाकणारी बाई पुढे आली. तीच बिरमती. मागच्या हिवाळ्यात असंच तीन पायांचं यंत्र घेऊन लोक आले होते, ती सांगू लागली. त्यांनी दगडांवर खुणा केल्या. मग घरांच्या भिंतींवर लाल आकडे पडले, आणि मग खालच्या वस्तीवर बुलडोझर आला. बोलताना तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मोजणीच्या यंत्राची तिपाई माझ्यासारखीच दिसते, हे मला त्या दिवशी कळलं.

"और आप करती क्या हो?" जगबीरने ताईंना विचारलं.

क्षिप्रा घाईने मराठीत कुजबुजली, "आई, टीचर आहे म्हण. प्लीज."

"ये कौन सी भाषा है? क्या छुपा रहे हो?"

ताईंचा चेहरा उतरला होता. खोटं बोलून सुटता आलं असतं. माझी खात्री होती, त्या तेच करणार.

"सरकारी नौकरी करती हूँ," ताई म्हणाल्या. "पर इस काम के लिए नहीं आई. रविवार को सूरज निकलने का फोटो लेना है, बस जगह देख रही थी."

एकच गलका झाला. कुणी गाडीच्या आडवं उभं राहिलं, जगबीरने माझा पाय पकडला. बिरमतीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि फुल्यांकडे बोट दाखवलं. "तो मिटा दे."

ताईंनी वाद घातला नाही. गुडघे टेकून त्या खाली बसल्या, बाटलीतलं पाणी खडकावर ओतलं आणि ओढणीने तिन्ही फुल्या घासून पुसल्या.

"अब जाओ," बिरमती म्हणाली. "ये यहीं रहेगा. सच में फोटो वाली हो, तो रविवार को आके ले जाना."

असा मी ओलीस राहिलो. बिरमतीने मला म्हशीच्या दोरीने खांबाला बांधलं. समोरच्या भिंतीवर चुना फासलेला होता, पण त्याखालचा लाल आकडा दिसायचा राहिला नव्हता. जगबीर येता-जाता म्हणे, "असली मशीन तो वो ले गई. ये तो खाली टांगें हैं." बिरमतीने माझे पाय लांब करून पाहिले, आत बोट घालून पाहिलं, मला कान लावूनही पाहिला. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि माझा ताईंवर. कशाला येईल ती? दुसरा ट्रायपॉड कुठेही मिळतो.

त्या रविवारी ग्रुपने जागा बदलली. कटकट नको, म्हणाले. ताई मात्र क्षिप्राला घेऊन आल्या. अजून अंधुक होतं. तळ्याकडे न जाता त्या थेट बिरमतीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "माझा स्टँड न्यायला आले," असं हिंदीत म्हणाल्या. मला बघून त्या हसल्या, आणि मला माझीच लाज वाटली.

बिरमतीने दोरी सोडली, पण मला हातातून सोडलं नाही. "पहले मेरे घर का फोटो खींच. पीछे पहाड़ी आए, जगह पहचानी जाए. कल को ये गिरा दें, तो कहेंगे यहाँ कुछ था ही नहीं."

ताई थबकल्या. सरकारी नोकरीतल्या बाईने असे फोटो काढले तर ते उद्या सरकारविरुद्धच पुढे येतील, हे त्यांच्याइतकं तिथे कुणाला ठाऊक होतं? पूर्वेला लाली पसरू लागली होती.

"खींचती हूँ," त्या म्हणाल्या.

एका घराचे काढले तशी शेजारीण आली, मग तिची जाऊ. ताई मला उचलून दारोदार फिरत राहिल्या. म्हातारे टोप्या सारख्या करून उभे राहिले. जगबीर सगळ्यांत शेवटी आला, आणि दारात न हसता उभा राहिला.

"आई, लाइट जातोय!" क्षिप्रा कळवळून म्हणाली.

"जाऊ दे ग."

शेवटचं घर झालं तेव्हा सूर्य हातभर वर आला होता आणि तळं नुसतं पांढरं चकाकत होतं. बिरमतीने चहा दिला. "फोटो हाथ में आएँगे, तब मानूँगी," असंही बजावलं. ताईंनी छापून नेऊन दिले. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, म्हणाल्या.

गावाच्या वकिलाने ते कोर्टात ठेवले आणि पाडापाडीला तूर्त स्थगिती मिळाली. मग ऑफिसात ताईंना वरच्या साहेबांनी बोलावलं. त्या संध्याकाळी ताई जेवताना क्षिप्राला सांगत होत्या, ते मी कोपऱ्यातून ऐकलं.

"साहेबांनी विचारलं, तिथे कशाला गेला होतात? म्हटलं, सूर्योदयाचा फोटो काढायला. तर म्हणाले, मग दाखवा सूर्योदयाचा फोटो."

क्षिप्राचा घास हातातच राहिला. "मग?"

"मग काय. एकही नव्हता."

चौकशी अजून चालू आहे. बदलीची कुजबुज आहे. दिल्ली सुटेल, कदाचित मीही पुन्हा कुठल्या गॅलरीत पडेन. खरं सांगून आधी गावात ताईंवर कुणी विश्वास ठेवला नाही, आता ऑफिसातही नाही. वाचकहो, मी कुठे उभा दिसलो, तर जरूर विचारा, काय करतोस म्हणून. विचारण्यात काही वाईट नाही. फक्त उत्तर येईपर्यंत थांबा.

आत्ता दाराशी पिशवी भरून तयार आहे. मघाशी बिरमतीचा फोन आला होता. क्षिप्राने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आसमान साफ़ है," ती म्हणाली. "कल आ जा. इस बार तेरा वाला खींच. कोई बीच में आया, तो मैं देख लूँगी."